बैठकीतले बालगंधर्व : उमज की नक्कल?

गेल्या उत्सवात आमच्या पेडणे तालुक्यातील एका देवळाच्या सभामंडपात बालगंधर्वांच्या पदांची बैठक झाली. गाणारी तरुणी शास्त्रोक्त गायन शिकलेली होती. पहिलेच पद तिने 'स्वयंवरा'तील यमनाचे घेतले. मुखडा सावकाश मांडला, दोन वेळा फिरवला, आणि तिसऱ्या खेपेस, ध्वनिमुद्रिकेत जेथे बालगंधर्वांची ती सर्वांच्या कानांत बसलेली जागा येते, तेथे ती थांबली. ती जागा तिने घेतलीच नाही. क्षणभर स्वर नुसता धरून ठेवला आणि निराळ्याच वाटेने ती समेवर उतरली. खांबाला टेकून बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ "हे नव्हे, हे नव्हे" असे पुटपुटले. दुसरे पद संपेतो सभामंडपातील निम्मी मंडळी त्यांच्या मताची झाली होती.

पुढे उत्सवाच्या जमाखर्चासाठी महाजन एकत्र आले, तेव्हा पुढील वर्षी कोणास बोलवावे याचा विचार निघाला. त्या वेळी त्या मुलीच्या विरुद्ध बोलणाऱ्यांत आम्हीच पुढे होतो. १९३० च्या मालविक्री कायद्यात असे एक कलम आहे की, नमुना दाखवून माल विकला असेल तर दिलेला माल त्या नमुन्याबरहुकूम असला पाहिजे. आम्ही वकिली थाटात तोच न्याय लावला. पत्रिकेवर बालगंधर्वांचे नाव छापले होते. नमुना म्हणजे ध्वनिमुद्रिका. माल नमुन्यासारखा उतरला नाही. सबब पुन्हा मागणी नको. मंडळी हसली, युक्तिवाद मान्य झाला आणि तिचे नाव यादीतून गळाले. त्यानंतर आम्ही पुष्कळ ऐकले, थोडा विचार केला, आणि आता आमची अशी खात्री झाली आहे की, तो निकाल चुकीचा होता. पुढील लिखाण म्हणजे आमच्याच निकालाविरुद्ध आम्ही केलेला फेरविचाराचा अर्ज आहे असे वाचकांनी समजावे.

प्रश्न केवळ एका पदाचा नाही. ज्या कलावंताचे नाव घराघरांत पोहोचले, ज्याची छबी लोकांच्या मनात देवाच्या तसबिरीसारखी बसली, त्याला विषय करून बैठकीचा गवई गाऊ लागतो तेव्हा त्याने काय करावे? त्या छबीची प्रतिकृती पुढे ठेवावी, की त्या कलावंताच्या गाण्यातून आपल्याला जे समजले ते आपल्या गळ्यातून सांगावे?

बालगंधर्वांइतकी लोकप्रियता मराठी माणसाने क्वचितच कोणा कलावंतास दिली असेल. नारायण श्रीपाद राजहंस हे १८८८ साली जन्मले, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, आणि १९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची नेसण आणि केशरचना पाहून प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी आपली नेसण व केशरचना बदलली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह त्यांनी केलेला 'संयुक्त मानापमान' हा नाट्यप्रयोग होता खरा, परंतु लोकांच्या आठवणीत तो एखाद्या पर्वणीसारखा राहिला. १९६७ साली ते वारले. आज पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या आमच्यासारख्यांनी त्यांना रंगभूमीवर पाहिले असणे शक्यच नाही. आमच्याकडे आहेत त्या काही तसबिरी, काही ध्वनिमुद्रिका आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी. न्यायालयात ऐकीव पुरावा सहसा ग्राह्य धरीत नाहीत. गाण्याच्या बाबतीत मात्र सारा पुरावा ऐकीवच असतो. म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे.

तो तपासू लागलो म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, बालगंधर्वांचे गाणे मुळात बैठकीतूनच रंगभूमीवर गेले. खाडिलकरांचे 'स्वयंवर' १० डिसेंबर १९१६ रोजी रंगभूमीवर आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. बुवा फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या तीन थोर गवयांकडे शिकलेले. ख्यालाच्या बंदिशी त्यांनी मराठी पदांच्या अंगावर अशा बेतल्या की, रुक्मिणीची लज्जा, तिचा अभिमान आणि तिची ओढ यमन, भीमपलास, बिहाग या रागांच्या तोंडून बोलू लागली. गंधर्व मंडळींच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, एवढे सांगितले म्हणजे त्या नाटकगृहात कोणत्या दर्जाची बैठक भरत होती हे उमगेल. तेव्हा आज एखादी गायिका ते पद पुन्हा सभामंडपात घेऊन बसते तेव्हा ते पद परक्या घरी जात नाही. सासरी नांदलेली लेक माहेरी यावी तसे ते येते. माहेरी आलेल्या मुलीने सासरचा शालू अंगावरून उतरवून साधे लुगडे नेसले, तर तिला कोणी बोल लावीत नाही.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रिकेची. ज्यास आम्ही नमुना म्हटले ती जुनी तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. नाटकगृहात तेच पद प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'ने पुन्हा पुन्हा उठे, दर वेळी वाढे, दर वेळी निराळे होई. तबकडीवर उरला तो त्या गाण्याचा आटोपशीर गोषवारा. आलाप कोठे तोडायचा, अंतरा किती घाईने आटपायचा हे तेथे गवयाच्या मर्जीइतकेच यंत्रानेही ठरविले होते. म्हणून जो गायक तबकडी तंतोतंत उतरवितो तो बालगंधर्वांची नक्कल करतो असे म्हणणेही पुरते खरे नाही. तो बालगंधर्वांबरोबर त्या यंत्राच्या मर्यादेचीही नक्कल करतो आणि दोहोंस सारखाच नमस्कार घालतो. आमच्या त्या वयोवृद्ध गृहस्थांना जी जागा हवी होती ती बालगंधर्वांनी प्रत्येक प्रयोगात तशीच घेतली असेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. नेमाने तीच ती जागा घेणारा गवई एवढी वर्षे लोकांना वेड लावू शकला नसता.

आता ज्या उदाहरणाने आमचे मत फिरविले त्याकडे वळू. १९६० च्या दशकात कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या नावाचा कार्यक्रम केला. त्याच नावाची ध्वनिमुद्रिकाही निघाली. या नावातील पहिले दोन शब्द लोक घाईने वाचून पुढे जातात. कुमारांनी 'बालगंधर्वांची गाणी' म्हटले नाही, 'बालगंधर्वांच्या आठवणी' म्हटले नाही. 'मला' म्हणून दायित्व स्वतःकडे घेतले आणि 'उमजलेले' म्हणून आपल्या दाव्याची मर्यादा आखून दिली. वकिलाने प्रतिज्ञापत्रात जेवढे स्वतःस ठाऊक तेवढेच लिहावे, तसे हे नाव आहे.

आणि हे नाव कोणी दिले हे ध्यानात घेतले पाहिजे. कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र कोमकळी. जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. या मुलाची पहिली कीर्ती झाली ती कशामुळे? थोरथोर गवयांच्या तबकड्या तो कोवळ्या वयात हुबेहूब गाऊन दाखवी म्हणून. आवाजाचा वळसा, तानेची फेक, सारे जसेच्या तसे. अनुकरणाची परीक्षा घ्यायची तर त्याच्याइतका उत्तीर्ण झालेला दुसरा विद्यार्थी सापडणे कठीण. पुढे मुंबईस देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले, क्षयाच्या दुखण्याने गाणे काही वर्षे बंद पडले, देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने माळव्याची लोकगीते ऐकली, आणि तो उठला तो निराळाच गवई होऊन. नक्कल करण्याची ताकद अंगी असून ज्याने ती बाजूला ठेवली, त्याने बालगंधर्व निराळे गायिले तर त्याला येत नव्हते म्हणून, असे कोणीही म्हणू शकणार नाही.

त्या ध्वनिमुद्रिकेत काय ऐकू येते? बालगंधर्वांचे गाणे सलग वाहते. शब्द पुढे असतो. हरकत शब्दाच्या पदराला लागून येते आणि शब्द चुरगळू देत नाही. लय इतक्या अलगद खेळविलेली की, शब्द ठेक्यावर पडतो की ठेक्याच्या किंचित मागेपुढे, हे सामान्य श्रोत्याच्या ध्यानातही येऊ नये. कुमारांचा गळा या प्रकृतीचा नाही. त्यांचा स्वर बाणासारखा सुटतो, मध्येच तुटतो. आवाज एकदम मोठा होतो आणि एकदम मावळतो. दोन स्वरसमूहांच्या मध्ये ते निःशब्दता ठेवतात. ही सामग्री घेऊन ते पदात शिरतात आणि एक विलक्षण गोष्ट करतात. पदाच्या मागे दडलेली बंदिश आणि बंदिशीच्या मागे उभा असलेला राग ते थोडा पडदा सारून दाखवितात. बालगंधर्वांच्या गाण्यात जे इतके सहज आहे की आपण त्याला केवळ गोडवा म्हणून सोडून देतो, ते केवढ्या विचाराचे आणि केवढ्या तालमीचे फळ आहे हे कुमारांचे ऐकून कळते. ते ऐकून आम्ही पुन्हा जुन्या तबकडीकडे गेलो तेव्हा तीच तबकडी आम्हांस अधिक ऐकू आली. टीकेचे काम हेच असते, आणि कुमारांची ती बैठक ही आमच्या मते बालगंधर्वांवरील एक उत्तम टीका आहे. फरक इतकाच की, ती स्वरांत लिहिली आहे.

सर्व काही साधले आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. रुक्मिणीसारख्या नायिकेच्या बोलण्यात जे मार्दव आहे, शब्द ओठांवर येऊन संकोचाने थबकण्याची जी रीत आहे, ती कुमारांच्या धारदार स्वरफेकीत काही ठिकाणी हरवते. तेथे आपण रुक्मिणीला विसरतो आणि गवयाकडे पाहू लागतो. बालगंधर्व ऐकताना असे घडत नाही. हा उणेपणा दाखवून देणे हे रसिकाचे कर्तव्यच होय. परंतु 'येथे रुक्मिणी हरवली' असे म्हणणे आणि 'येथे तबकडी हरवली' असे म्हणणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिला आक्षेप कलेचा आहे, दुसरा सवयीचा.

याच जागी आमच्या पेडणेकरांनी एक गोष्ट अभिमानाने ध्यानात ठेवावी. कुमारांना ज्यांच्याकडून विद्या मिळाली त्यांत अंजनीबाई मालपेकर होत्या. मालपे हे आमच्याच तालुक्यातील गाव. अंजनीबाई १८८३ सालच्या, भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँच्या शिष्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीने त्यांना आपली फेलो म्हणून गौरविले. १९२३ च्या सुमारास त्यांनी जाहीर गाणे सोडले, पण शिकविणे सोडले नाही. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर या दोघांनीही त्यांच्याजवळ शिक्षण घेतले, आणि दोघांचे गाणे परस्परांसारखे नाही व अंजनीबाईंसारखेही नाही. मालपेच्या या विदुषीने साचे पाडले नाहीत, गवई घडविले. आम्ही तिच्या गावचे शेजारी, आणि सभामंडपात साच्याची मागणी करतो!

हा वाद केवळ आपल्याकडचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. पाश्चात्त्यांकडे मोजक्या वाद्यांसाठी, लहान दालनात ऐकण्यासाठी रचलेले जे संगीत असते, ते आपल्या बैठकीच्या जवळचे. तेथेही गेल्या चाळीसेक वर्षांत लोकप्रिय नटगायकांना विषय करून रचना झाल्या. मायकेल डॉहर्टी या अमेरिकन रचनाकाराची १९९३ सालची 'डेड एल्विस' ही त्यांपैकी एक. एल्विस प्रेस्ली १९७७ साली वारला, आणि त्याच्या वेषात, त्याच्या लकबीत गाणाऱ्या बहुरूप्यांचा अमेरिकेत एक धंदाच झाला. डॉहर्टीच्या रचनेत बसून नावाच्या खर्जातल्या लाकडी सुषिर वाद्याचा वादक एल्विसचा वेष करून उभा राहतो. भोवती सहा वादक. आणि मृत्युविधीच्या वेळी चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या मध्ययुगीन लॅटिन स्तोत्राचा स्वर त्या साऱ्या धांगडधिंग्यातून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना त्या स्वराचा अर्थ सांगावा लागणार नाही. येथे वेष आहे, नक्कलही आहे. पण ती वेष म्हणूनच पुढे ठेवली आहे. मेलेल्या माणसाला नकलेने किती काळ जिवंत ठेवणार, असा प्रश्न ती रचना हसत हसत विचारते. आमच्या नाट्यगीतांच्या रात्रींत पुष्कळदा असाच वेष चढविलेला असतो, परंतु तो वेष आहे याची जाण ना गाणाऱ्याला असते, ना ऐकणाऱ्याला.

दुसरे उदाहरण याहून आपल्या जवळचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या संचाने २००५ साली राहुल देव बर्मन यांच्या चित्रपटगीतांची एक ध्वनिमुद्रिका काढली. गायिका होत्या आशा भोसले, आणि तबल्यावर झाकिर हुसेन. आशाबाई मंगेशीच्या दीनानाथांच्या कन्या, म्हणजे या उद्योगाचे एक मूळ आपल्या फोंडा महालातच आहे. त्या वेळी आशाबाईंचे वय सत्तरीच्या पुढे गेले होते. तरुणपणी चित्रपटासाठी गायिलेली गाणी त्यांनी या वयात पुन्हा गायिली. मोठ्या वाद्यवृंदाची कामे मुख्यतः दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्याकडे आली. ज्या गळ्याने मूळ गाणे गायिले तोच गळा येथे स्वतःची तबकडी बाजूला ठेवून पुन्हा गातो आहे. मूळ मालकिणीलाच जर नमुन्याबरहुकूम माल द्यावासा वाटत नाही, तर तिच्या चाहत्यांनी तो इतरांकडून का मागावा? तरी या ध्वनिमुद्रिकेतील सर्व गाणी आम्हांस सारखी भावली नाहीत. काही ठिकाणी क्वार्टेटला मूळ गाण्याच्या चमत्कृतीचाच मोह पडला आहे असे वाटते. परंतु जेथे तंतुवाद्ये गाण्याच्या चालीतील स्वरवाक्य उचलून त्याच्याशी संभाषण करतात, तेथे चित्रपट विसरतो आणि नुसते संगीत उरते.

यावर कोणी असे विचारील की, मग कोणीही काहीही गावे काय? 'मला असे उमजले' असे म्हटले की सर्व अपराध माफ? तसे नाही. उमज हा शब्द स्वैराचाराची सनद होऊ शकत नाही. उलट तो पुराव्याचा भार गाणाऱ्यावर टाकतो. नाट्यपदाला शब्द आहे, शब्दाच्या मागे पात्र आहे, पात्राच्या मागे प्रसंग आहे. रुक्मिणीच्या पदात तानांची आतषबाजी करून शब्दाचा चुराडा करणारा गवई बालगंधर्वांपासून स्वतंत्र झालेला नसतो; तो पदापासूनच दूर गेलेला असतो. म्हणून आम्ही गाणाऱ्यास एवढेच विचारू : जी जागा तू सोडलीस तिच्या मोबदल्यात पदाला काय दिलेस? उत्तर स्वरात मिळाले तर दावा सिद्ध झाला. त्या रात्री त्या मुलीने यमनात स्वर नुसता धरून ठेवला होता, आणि आज मागे वळून पाहता आम्हांस असे वाटते की, त्या धरलेल्या स्वरात रुक्मिणीचा संकोच होता. तो आम्हांस ऐकू आला नाही, कारण आमचे कान दुसऱ्याच गोष्टीची वाट पाहत होते.

वास्तविक ही समज आमच्या मातीत असायला हवी होती. पेडण्यात दशावतार पाहिला नाही असा माणूस विरळा. हार्मोनियम, मृदंग आणि झांज एवढ्या साथीवर रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात आणि संवाद नटांच्या तोंडून त्या रात्रीपुरता जन्माला येतो. स्त्रीपार्टी करणारा नट कालची द्रौपदी आज तशीच्या तशी उभी करीत नाही, आणि प्रेक्षक त्याला "हे नव्हे" म्हणत नाहीत. डिचोलीच्या नव्या सोमवारी पालखीच्या निमित्ताने गाण्याच्या बैठका होतात. तेथे एकच राग दोन गवयांच्या तोंडून ऐकून आपण तुलना करतो, दोघांनाही दाद देतो. देवीपुढे दरवर्षी तोच उत्सव होतो, पण फुले त्या दिवशीची लागतात. मग बालगंधर्वांच्या बाबतीतच आम्हांला वाळलेली फुले का हवीत?

कारण, आम्हांस वाटते, भीती आहे. जे गेले ते पुन्हा येणार नाही ही भीती. जुन्या पिढीच्या त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात अनादर नाही. त्यांनी जी तबकडी ऐकली ती वडिलांच्या ओटीवर, फोनोच्या कर्ण्यापुढे बसून. तीत त्यांचे वडील आहेत, ते घर आहे. त्यांना गाणे बदललेले सोसत नाही, यात समजण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु देवस्थानचे महाजन म्हणून आमच्यावर जी जबाबदारी आहे ती स्मृतीइतकीच परंपरेचीही. स्मृती जपण्यासाठी तबकडी आहे, आणि ती कोणी हिरावून घेत नाही. परंपरा जपायची तर गळे हवेत, आणि साच्यात घातलेला गळा फार काळ जगत नाही. मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ च्या 'मत्स्यगंधा'पासून नाट्यपदाला नवे वळण दिले तेव्हा त्यांनी गंधर्वांची तबकडी पुढे ठेवून चाली बांधल्या असत्या, तर गोमंतकाच्या वाट्याला आज काय आले असते?

देवस्थानांच्या १९३३ च्या नियमावलीचा उपयोग आम्हांस धंद्यात वरचेवर पडतो. महाजनांनी हिशेब कसा ठेवावा हे तीत आहे. गाणे कसे ऐकावे हे तीत नाही. ते आमचे आम्हीच ठरवावयाचे आहे. म्हणून येत्या सभेत आम्ही दोन सूचना मांडणार आहोत. पहिली, त्या तरुणीला पुन्हा बोलवावे, आणि ते आमच्या नावे सुचविले आहे असे इतिवृत्तात नमूद करावे. दुसरी, पत्रिकेवर 'बालगंधर्वांची पदे' असे न छापता गाणाऱ्याचे नाव आधी छापावे. नमुन्याबरहुकूम मालाचे कलम सभामंडपाबाहेर, बाजारात राहू द्यावे. आणि त्या वयोवृद्ध गृहस्थांना त्या रात्री पहिल्या रांगेत, आमच्या शेजारी बसवावे. त्यांना पुन्हा "हे नव्हे" असे वाटले तर त्यांनी ते खुशाल म्हणावे. मात्र आधी पद संपेपर्यंत आम्ही दोघांनीही ऐकावे.